माझ्या वायरी सुटत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना, वजनदार आणि कमालीचा मत्सरी पॉवर सप्लाय आहे. मत्सरी हा शब्द मी मुद्दाम आधीच सांगून टाकला, म्हणजे पुढे मी कोणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटायला नको.

पॉवर सप्लाय म्हणजे काय, असं तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल. कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला पंखा असलेला एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतून येणारी रांगडी वीज पोटात घ्यायची, तिला वळण लावायचं आणि पेटीतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाढायची, हे त्या डब्याचं काम. तो डबा म्हणजे मी. कॉम्प्युटर नीट चालला की लोक पडद्याचं कौतुक करतात. बंद पडला की पहिला संशय माझ्यावर घेतात. माझ्या अंगावर साडेचारशे वॅट असं छापलं आहे. ते कितपत खरं आहे, याची चौकशी सभ्य माणसांनी करू नये.

माझ्या पोटातून वायरींचा एक जाडजूड झुपका बाहेर येतो. पिवळ्या, लाल, काळ्या, केशरी. या वायरी माझ्या अंगालाच जोडलेल्या आहेत. लागो न लागो, सगळ्या घेऊनच मला राहावं लागतं. कारखान्यात ज्या बाईंनी त्या आत डाग देऊन पक्क्या केल्या, त्यांनी एकेक वायर ओढून पाहिली होती. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. वायरी असणं ही पुढे लाजेची गोष्ट होईल, हे मला कुठे माहीत होतं?

कारखान्यातून मी जळगावच्या बाजारात आलो आणि तिथून धरणगावला, लीलाधरभाऊंच्या दुकानात. लीलाधरभाऊ कॉम्प्युटर विकतात आणि दुरुस्तही करतात. त्यांनी मला एका उंच काळ्या पेटीत बसवलं, चार स्क्रू आवळले, न लागणाऱ्या वायरी रबर लावून एका कोपऱ्यात कोंबल्या आणि ती पेटी यादव आबांच्या घरी पोहोचवली.

यादव आबा एसटीत कंडक्टर होते. धरणगाव ते धुळे ही त्यांची नेहमीची गाडी. घरात त्यांची बायको लिलाबाई, मोठा मुलगा राजदीप आणि मुलगी सपना. राजदीप शेतांवर पंप बसवायचं काम करायचा, आणि सपना जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या खाली एक लाकडी टेबल होतं, आणि टेबलाखाली मी.

तिथली वीज म्हणजे काय प्रकार असतो ते तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या शिवारात लाईट गेली की ती कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी पंपाला ऑटो लावून ठेवतात. लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो, विहिरीवर जायची गरज नाही. सोय चांगली आहे. पण लाईट येते तेव्हा सगळ्या शिवारातले पंप एकाच वेळी वीज ओढायला लागतात. घरातला बल्ब लाल होतो, पंखा रेंगाळतो, फ्रिज कुंथायला लागतो. अशा विजेत कितीतरी नाजूक यंत्रं गेली. मी टिकलो. मला त्याबद्दल कोणी हार घातला नाही, पण टिकलो.

सपनाला कॉम्प्युटरवरच्या खेळांचं वेड होतं. आधी ती खेळायची, मग तिला वाटायला लागलं की आपणच एक खेळ तयार करावा. त्यात तिने पप्पांचीच एसटी घेतली. खेळणाऱ्याने गाडी चालवायची, खड्डे चुकवायचे, टाकरखेडा, अमळनेर, मंगरूळ, जानवे, नवलनगर असं करत धुळ्याला पोहोचायचं. वाटेत प्रवासी चढतात, कोंबड्या चढतात, एक नवरदेव चढतो. गाडी कधी थांबवायची आणि कधी सोडायची हे कंडक्टरच्या बेलवर. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल.

खेळ अर्धा झाला असताना आबांच्या घशाचा आजार निघाला. तंबाखू पूर्वीच सोडली होती, पण तिने आबांना सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, पण ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागेल. आबा पुन्हा बोलू शकणार नाहीत.

ऑपरेशनसाठी मुंबईला जायच्या आदल्या दिवशी दुपारी सपनाने आबांना टेबलाजवळ बसवलं आणि त्यांच्यापुढे माईक ठेवला. म्हणाली, "पप्पा, गाडीत बोलता ना, तसं बोला. बाकी काही नको."

आबांचा आवाज तोपर्यंत खरखरीत झाला होता, तरी ते बोलले. सगळे स्टॉप त्यांनी एकेक करून पुकारले. "ओ अक्का, पोऱ्याले मांडीवर ल्या," असं एका नसलेल्या बाईला सांगितलं. आणि मग ते वाक्य, जे त्यांनी नोकरीभर रोज म्हटलं होतं, "पुढे सरका भो, पुढे सरका. बठ्ठासले घर जानं शे." म्हणजे, सगळ्यांनाच घरी जायचं आहे.

नेमकी त्याच वेळी शिवारातली लाईट आली. सगळे ऑटो एकदम सुरू झाले, बल्ब लाल झाला, पंखा थांबल्यासारखा झाला. लिलाबाईंनी दारातून हात वर केला, जणू विजेलाच थांब म्हणत होत्या. मित्रांनो, माझ्या पोटात तेव्हा जी काही साठवलेली वीज होती ती मी शेवटच्या थेंबापर्यंत दिली. पडदा लुकलुकला नाही, डिस्क थांबली नाही, आणि आबांचं वाक्य पूर्ण झालं. कॉम्प्युटर बंद पडला नाही एवढंच सगळ्यांना दिसलं. तो का बंद पडला नाही, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. आबा घरी आले ते गळ्यात रुमाल बांधून. आता ते बोटाने वाजवून बोलतात. ताट असो, पाण्याचा तांब्या असो, खाटेची दांडी असो. एकदा टक म्हणजे थांब, नको. दोनदा टक टक म्हणजे चल, हो. घरातल्या कोणालाही हे शिकवावं लागलं नाही.

आबांचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, माझ्या शेजारच्या त्या चपट्या डिस्कमध्ये. "तिची दुसरी प्रत काढून ठेवायला हवी," असं सपना दर आठवड्याला म्हणायची आणि कॉलेजला जायची बस पकडायची. मला त्याची काळजी नव्हती. मी होतो ना.

आता इथून माझ्या दुःखाची गोष्ट सुरू होते.

धुळ्याच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या खेळांचं प्रदर्शन ठरलं. ज्याने त्याने आपला कॉम्प्युटर आपणच आणायचा होता. सपनाच्या मनात आलं की पप्पांना त्यांच्याच गाडीने धुळ्याला न्यायचं आणि चार लोकांसमोर त्यांचा आवाज ऐकवायचा. पण ती उंच काळी पेटी एसटीत कशी न्यायची? शिवाय तिला बऱ्याच दिवसांपासून चांगला, जोरदार खेळ चालेल असा कॉम्प्युटर हवाच होता, आणि त्यासाठी ती शिकवण्या घेत होती. म्हणून ठरलं की नवीन कॉम्प्युटर घ्यायचा, पण मांडीवर मावेल एवढा.

आम्हा सगळ्यांना लीलाधरभाऊंच्या टेबलावर नेण्यात आलं. माझ्यासमोर ती नवीन पेटी होती. केवढी, तर बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी.

लिलाबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी पेटीत वाकून पाहिलं. "हाई एवढंसं? येनामा बठ्ठं माई का?"

"मावेल काकू," लीलाधरभाऊ म्हणाले. "फक्त हा मावणार नाही." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यांनी मला उंच पेटीतून सोडवलं आणि त्या नव्या पेटीजवळ धरलं. मी अर्धा बाहेर. मापाला उभा केलेला नवरामुलगा बुटका निघावा तशी माझी गत झाली, फक्त माझ्या बाबतीत उलटं होतं. मग त्यांनी सपनाला समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मला तिथेच पडून ते सगळं ऐकावं लागलं.

"बेटा, छोट्या पेटीला छोट्या मापाचाच सप्लाय लागतो. आणि छोट्यात मॉड्युलर घे."

"म्हणजे वायरी सुट्या असतात तो?"

"तोच. लागेल तेवढीच वायर लावायची, बाकीच्या पिशवीत. याच्यासारखा गुंता इथे कोंबला तर हवा कुठून खेळणार? आतच भाजून निघेल सगळं." याच्यासारखा म्हणताना त्यांनी माझा झुपका उचलून दाखवला.

"वॅट किती बघू?"

"तुझं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून जेवढं खातात, त्याच्यावर चांगली मोकळीक ठेव. कायम धापा टाकत चालणारा नको. वायरींची लांबी बघ, छोट्या पेटीत लांब वायरही नडते आणि आखूडही. आणि एक गोष्ट सोडू नको. काही उलटसुलट झालं तर जो स्वतःहून बंद पडतो, तोच घे. स्वस्तातले बंद पडत नाहीत, तशीच वीज ढकलत राहतात."

स्वस्तातले. मी समोर असताना.

तो नवा सप्लाय चार दिवसांनी कुरिअरने आला. त्याला काळ्या मखमली पिशवीत गुंडाळलेलं होतं. पिशवीत, मित्रांनो. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कुरमुऱ्यांसारख्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये आलो होतो. तो माझ्या निम्म्याने होता, काळाभोर, आणि त्याच्या अंगावर सोनेरी बिल्ला होता, वीज वाया घालवत नाही म्हणून मिळालेला. त्याच्या पाठीवर नुसती भोकं. वायरी वेगळ्या पिशवीत, तिलाही बंद. सपनाने त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, "किती सुंदर आहे हा." तिने मला कधी सुंदर म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्यावरची धूळ मात्र तिने एकदा ब्रशने काढली होती, ते मी विसरलेलो नाही.

मला घरी नेऊन लोखंडी कपाटावर ठेवून दिलं. माझ्या शेजारी एक फुटकी चाळणी होती. तिथून टेबल स्वच्छ दिसायचं. मी रोज बघायचो. त्याचा पंखा इतका हळू फिरायचा की आवाजच नाही. लिलाबाई म्हणायच्या, घरात कसं शांत वाटतंय. म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना त्रास दिला का? आणि ती डिस्क, माझी शेजारीण, जिच्यात आबांचा आवाज होता, ती आता त्याच्या पेटीत जाणार होती. बाकी सगळं मी एक वेळ सोसलं असतं. ज्या आवाजासाठी मी स्वतःला रिकामं केलं, तो आता याच्या विजेवर चालणार, हे मला सोसवत नव्हतं. मी मनात म्हणायचो, पडू दे बंद. एकदा तरी पडू दे.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सपना डिस्क त्या पेटीत बसवत होती. नवीन सप्लायसोबत आलेली डिस्कची वायर ताठ होती. ती वळेना आणि पेटीचं झाकण लागेना. सपना आंघोळीला गेली तेव्हा राजदीपने बहिणीला मदत करायचं ठरवलं. त्याच्याकडे वायरींनी भरलेली एक पिशवी असते. आपल्याकडे वायर कोणी फेकत नाही, कधीतरी लागेल म्हणून ठेवतात. त्यात दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या मॉड्युलर सप्लायची एक मऊ, चपटी वायर होती. त्याने ती लावून पाहिली. दोन्ही टोकं टिच्च बसली. झाकण लागलं.

लिलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिले इचारी ले ना आधी."

"अवं माय, पंपन्या दोन वायरी उलट्या लागन्यात तर काय व्हस? उलटा फिरस. बदली दिध्यात का सुलटा," राजदीप हसला. "आनि हाई तर बठी बी गयी."

त्याचं सगळं आयुष्य पंपांमध्ये गेलेलं. तिथे चुकीच्या वायरीची शिक्षा एवढीच असते, की पाणी वर यायच्या ऐवजी पंप उलटा फिरतो. दोन वायरींची अदलाबदल केली की झालं काम. कॉम्प्युटरचंही तसंच असेल असं त्याला वाटलं, आणि त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हालाही वाटलं असतं.

सपना आली, झाकण लागलेलं पाहून खूश झाली. तिने बटण दाबलं. आतून टिक असा आवाज आला आणि सगळं बंद. तिने पुन्हा दाबलं. टिक, बंद. तिसऱ्यांदाही तेच.

राजदीपने कपाळाला हात लावला. "नवं खराब निघनं."

मित्रांनो, मी कपाटावर होतो म्हणून, नाहीतर नाचलो असतो. सोनेरी बिल्ला. मखमली पिशवी. आणि ऐन दिवशी टिक.

सपना जमिनीवर बसली. बस निघायला फार वेळ उरला नव्हता. तिने लीलाधरभाऊंना फोन लावला, ते लग्नासाठी यावलला गेलेले होते. त्यांनी फोनवरच सांगितलं की नव्याला हात लावू नको, मी आल्यावर बघतो. जुना सप्लाय बाहेर ठेवूनच जोड. डिस्कलाही त्याचीच वायर लाव. मोठं ग्राफिक्स कार्ड मात्र काढून ठेव, ते त्याला झेपणार नाही. तुझा खेळ कार्डाशिवाय चालेल.

झेपणार नाही, हे मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. राजदीपने मला चाळणीजवळून खाली उतरवलं. सपनाने माझ्या वायरी एकेक करून पेटीत सोडल्या. मी बाहेर, वायरी आत, झाकण उघडं. तिने बटण दाबलं आणि मी सुरू झालो. माझा पंखा घरघरला. इतका गोड आवाज मी स्वतःचा कधी ऐकला नव्हता.

एसटीत पेटी सपनाच्या मांडीवर होती, आणि टॉवेलात गुंडाळलेला मी आबांच्या मांडीवर. कंडक्टर होता कौतिक, आबांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने आबांना पाहिलं, नमस्कार केला आणि गळ्याच्या रुमालाकडे बघायचं टाळलं. गाडी भरली. कौतिक आबांच्या सीटजवळ आला आणि म्हणाला, "आबा, आज बेल तुम्हीच द्या. मी तिकिटं देखस."

आबांनी मला एका हाताने धरलं, दुसरा हात वर करून दोरी ओढली. टण टण. गाडी निघाली. आबांनी दोरी लगेच सोडली नाही.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये काय काय चकाकत होतं. काचेच्या पेट्या, आत लाल निळे दिवे. आणि आमच्या टेबलावर उघडी पेटी आणि तिच्या बाजूला वायरींचा झुपका सोडून बसलेला मी. एक मुलगा मला बघून मित्राला म्हणाला की हे तर सलाईन लावलेलं दिसतंय. मी लक्ष दिलं नाही. सपनाने खेळ सुरू केला आणि आबांचा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. "पुढे सरका भो, पुढे सरका. बठ्ठासले घर जानं शे."

लोक हसले, मग जवळ आले. शिरपूरकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी तर खरंच दोन पावलं पुढे टाकली आणि स्वतःशीच हसले. खेळायला रांग लागली. एका बाईंनी विचारलं, हा आवाज कोणाचा आहे. सपनाने आबांकडे हात केला. बाईंनी आबांना म्हटलं, मग तुम्हीच आम्हाला म्हणून दाखवा ना. त्यांना माहीत नव्हतं. सपना काहीतरी बोलायला गेली, पण आबांनी तिला थांबवलं, आणि माझ्या पत्र्यावर बोटाने वाजवलं. टक टक. चल. सपनाने गाडी सोडली, आणि आबांचा आवाज पुन्हा घुमला. आबा तो ऐकत उभे होते, माझ्यावर हात ठेवून. मी त्या दिवशी इतका तापलो होतो की त्यांना चटका बसला असेल, पण त्यांनी हात काढला नाही.

बक्षीस मिळालं की नाही, हे मला विचारू नका. ते दुसऱ्या कोणाला तरी मिळालं, माझं तिकडे लक्षही नव्हतं. मी जिंकलो होतो.

दोन दिवसांनी लीलाधरभाऊ घरी आले. त्यांनी ती छोटी पेटी उघडली. आत ती चपटी वायर अजून तशीच होती, सप्लायला एका टोकाने जोडलेली. त्यांनी ती बोटात धरली आणि विचारलं, "ही कोणी लावली?"

राजदीप म्हणाला, "मी. पण बसली होती हो भाऊ बरोबर."

"बसणारच. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं. सप्लायकडची मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते. दिसायला सारखी, आत वीज भलत्याच तारेत." त्यांनी वायर काढली, त्या सप्लायची स्वतःची ताठ वायर पिशवीतून काढली, दुमडून दुमडून बसवली आणि बटण दाबलं. नवा सुरू झाला. आवाज न करता.

मग लीलाधरभाऊ म्हणाले, "हा खराब नव्हता. याला आत काहीतरी चुकतंय हे कळलं, म्हणून हा तिन्ही वेळा अडून बसला. याच्या जागी एखादा साधा असता तर ढकलून मोकळा झाला असता. डिस्क गेली असती. आबांचा आवाज गेला असता."

साधा म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. पण राजदीपने कपाटाकडे पाहिलं. सपनाने पाहिलं. मी तिथे फुटक्या चाळणीजवळ बसलो होतो.

मित्रांनो, मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे की मी मत्सरी आहे. एखाद्याचा हेवा वाटत असताना त्याने आपल्याच माणसाचा आवाज वाचवावा, यापेक्षा मोठा अन्याय नाही. तो तिन्ही वेळा टिक म्हणाला तेव्हा मी हसत होतो. आणि तो त्या वेळी आबांच्या आवाजापुढे हात आडवा करून उभा होता. मला त्याचे आभार मानायला हवेत. मी अजून मानलेले नाहीत.

सपनाने मात्र माझी बाजू घेतली. ती म्हणाली, "पण भाऊ, त्याच्या वायरी सुटतच नाहीत. ही चुकीची वायर त्याला लागलीच नसती." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. लीलाधरभाऊंनी मान हलवली, तेही खरं म्हणाले, आणि चहा मागितला. त्याच बैठकीत सपनाने आवाजाच्या प्रती काढल्या. एक लीलाधरभाऊंच्या दुकानात ठेवायला दिली, एक कौतिकच्या मोबाईलमध्ये गेली आणि एक राजदीपने हट्टाने स्वतःजवळ मागून घेतली.

त्यानंतर आठवडाभरात गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी आली. लिलाबाईंनी चाळणी खाली काढली, तिच्यासोबत मलाही काढलं. एका हातात ती, दुसऱ्या हातात माझा झुपका, आणि मी खाली लोंबकळत. त्या उंबऱ्याशी थांबल्या आणि खाटेवर बसलेल्या आबांना म्हणाल्या, "आते हाई डबडं कसाले ठेवानं? दी टाकू का?"

हातगाडी दारात होती. तिच्यावर गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगात एक जुना पंप पडलेला मला दिसला. मी टेबलाकडे पाहिलं. तो नवा नेहमीसारखा आवाज न करता चालला होता. त्याला हे दिसत असेल का, असं मला वाटलं, आणि दिसत असेल तर तो हसत असेल. मी त्याच्या जागी असतो तर हसलो असतो.

आबा उठले. त्यांनी लिलाबाईंच्या हातातून मला घेतलं, छातीशी धरलं आणि माझ्या पत्र्यावर बोटाने वाजवलं.

टक. एकदाच.

लिलाबाईंना आणखी काही विचारावं लागलं नाही. चाळणी गेली, मी राहिलो. आबांनी टेबलाजवळ जाऊन ती छोटी पेटी दोन बोटं बाजूला सरकवली, तिच्या शेजारी मला ठेवलं आणि माझ्या वायरी नीट गुंडाळून सुतळीने बांधल्या. संध्याकाळी सपनाने खेळ लावला, आणि पेटीतून आबा म्हणाले, "पुढे सरका भो, पुढे सरका."

तेव्हापासून आम्ही दोघे शेजारी आहोत. त्याच्या पंख्याची ऊब माझ्या अंगाला लागते. मी त्याच्याशी बोलत नाही. पण परवा लाईट आली, सगळे ऑटो एकदम सुरू झाले, बल्ब लाल झाला, आणि तो क्षणभर कुंथल्यासारखा वाटला. तेव्हा माझ्याही नकळत मी मनात म्हणालो, धर. आता धर. त्याने धरलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. एकाची वायर दुसऱ्याला लावू नका, ती कितीही टिच्च बसली तरी. जो आवाज पुन्हा मिळणार नाही, तो एकाच ठिकाणी ठेवू नका, अगदी माझ्यासारखा पहारेकरी असला तरी. आणि घरातली एखादी जुनी वस्तू दारात आलेल्या हातगाडीवर ठेवायच्या आधी तिच्यावर एकदा बोटाने वाजवून बघा. आम्हाला ते ऐकू येतं.